पावसाळ्यात पेटी बसत चाललीय, मिनरल देऊनही फरक नाही? आधी हे तपासा

जुलै लागला की पुण्यातल्या आणि आजूबाजूच्या मधपेटीवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो. मेपर्यंत पेटी भरलेली होती, आता पोळ्याच्या चौकटी मोकळ्या दिसतायत, ब्रूड (म्हणजे अंडी, अळ्या, कोष ही पोळ्यातली पिल्लावळ) तुटक तुटक आहे, पेटीच्या तोंडाशी पिवळट-तपकिरी ठिपके पडलेत. आणि पुढचं वाक्य हमखास हे, की कोणीतरी सांगितलं मिनरल कमी पडतंय म्हणून साखरेच्या पाकात मिनरल मिक्श्चर घालून दिलं, आठवडा झाला, फरक तर नाहीच उलट तळपाटावर मेलेल्या माश्या जास्त दिसायला लागल्या. दरवर्षी तेच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

उत्तर आधीच सांगून टाकतो. माशीला खनिजं लागतात, त्यात वाद नाही. पण पावसाळ्यात पेटी बसते ती बहुतेक वेळा खनिजांअभावी नाही, परागाअभावी. आणि पाकात मिसळलेलं मीठ-मिनरल तिच्यावर लादलेलं असतं, नको असलं तरी साखरेसाठी तिला ते प्यावंच लागतं. घाईत असाल तर एवढंच करा: पाकात पांढरी साखर आणि पाणी सोडून काही घालू नका, पराग येत नसेल तर परागाचा पर्याय द्या, आणि मीठ द्यायचंच असेल तर वेगळ्या पाण्यात द्या. वेळ असेल तर पुढे वाचा, कारण मिनरल सोडून दुसरीच भानगड असायची शक्यता जास्त आहे.

आधी खनिजं माशीच्या पोटात जातात कुठून ते बघू. मकरंदात आणि मधात खनिजं अगदी थोडी. खरा साठा परागात. त्यात पोटॅशियम सगळ्यात जास्त, मग फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि लोह, झिंक, मँगनीज, तांबं ही मंडळी चिमूट चिमूट. तरुण कामकरी माश्या हा पराग खातात, त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दूध तयार होतं आणि ते अळ्यांना आणि राणीला जातं. म्हणजे अळीपर्यंत खनिज पोचतं ते दाईमाशीच्या पोटातून. पराग असेल तर खनिजं आपोआप आलीच, पराग नसेल तर नुसती खनिजं देऊन काही होत नाही, कारण दूध बनवायला प्रोटीन लागतं आणि ते मिठातून येत नाही. घरात भाजी-भाकरी नाही म्हणून ताटात नुसतं मीठ वाढण्यातला प्रकार आहे हा.

किती लागतात हेही शोधून झालंय. अमेरिकेत हर्बर्ट आणि शिमानुकी यांनी १९७८ मध्ये कृत्रिम खाद्यावर माश्या ठेवून प्रयोग केले, त्यातून जे प्रमाण पुढे आलं ते असं: खाद्याच्या दर किलोला पोटॅशियम १००० मिलिग्रॅम, कॅल्शियम ५००, मॅग्नेशियम ३००, आणि सोडियम, झिंक, मँगनीज, लोह, तांबं प्रत्येकी ५०. आता ५० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे मीठ किती, तर साधारण १२७ मिलिग्रॅम. किलोभर खाद्याला. स्वयंपाकातली चिमूटसुद्धा त्याहून मोठी असते. आणि हेही लक्षात घ्या की हा हिशोब पूर्ण कृत्रिम खाद्याचा आहे, ज्यात परागाचा एक कणही नाही. खऱ्या परागात पोटॅशियम किलोला चार-पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असतं, म्हणजे लागतं त्याच्या कितीतरी पट.

आता हे आकडे डोळ्यासमोर ठेवून लोक पाकात काय काय घालतात ते बघा.

सगळ्यात कॉमन म्हणजे जनावरांचं मिनरल मिक्श्चर. मुळशीकडच्या एका काकांशी यावरून चांगलं वाजलं होतं. त्यांचं म्हणणं, "अहो, गाय त्याच्यावर दुधाला चढते, मग माशीला काय होणारे?" गाईचं बरोबर आहे. त्या मिक्श्चरमध्ये मुख्य माल कॅल्शियम आणि फॉस्फरसचा, कारण गाईला हाडं आहेत आणि रोज बादलीभर दुधातून कॅल्शियम बाहेर जातं. माशीला हाडंच नाहीत, तिचा सांगाडा म्हणजे बाहेरचं कायटिनचं कवच. तिला कॅल्शियम लागतं पण अगदी थोडं. बरं, हे मिक्श्चर पाकात घातलं की त्यातला कॅल्शियमवाला भाग विरघळतच नाही, फीडरच्या तळाशी पांढरा-करडा गाळ होऊन बसतो. विरघळतं काय, तर त्यात असलेलं कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद आणि झिंक सल्फेट. म्हणजे जे कमीत कमी जायला हवं नेमकं तेच पाकातून पोटात जातं आणि बाकीचं भांडं घासताना मोरीत. तांबं जास्त झालं की माशीला विषारीच आहे, यात दुमत नाही.

दुसरा प्रकार ओआरएसची पुडी. माणसाला जुलाब झाले की देतात, माशीलाही जुलाब झालेत, मग द्या, असं लॉजिक. एका लिटरच्या पुडीत मीठच २.६ ग्रॅम असतं, वर सायट्रेटमधलं सोडियम वेगळं, सगळं मिळून सोडियम लिटरला पावणेदोन ग्रॅमच्या आसपास जातं. वरचा ५० मिलिग्रॅमचा आकडा आठवा. माणसाच्या जुलाबात मीठ-पाणी शरीराबाहेर जातं म्हणून ते भरून काढायचं असतं. माशीचं दुखणं तसं नाहीच, तिचं पोट नको त्या गोष्टींनी तुंबलेलं असतं. त्यात अजून मीठ घातलं की काय होणार?

तिसरा प्रकार आपल्याकडचा खास, गूळ आणि काकवी. "साखर केमिकलवाली, गूळ नैसर्गिक, त्यात लोह असतं." माणसासाठी काय ते तुम्ही ठरवा, माशीसाठी गूळ वाईट. त्यात खनिजं आणि न पचणारे घटक दोन्ही भरपूर, आणि वरून तो तासन् तास उकळलेला असतो त्यामुळे त्यात एचएमएफ नावाचं संयुग तयार झालेलं असतं, ते माशीला विषारी आहे. लिंबू पिळून पाक उकळला तरी तेच, आंबट आणि उष्णता एकत्र आली की एचएमएफ वाढतं. अनेक जुन्या कृतींत लिंबू असतं, ते सोडून द्या. आणि पाक पितळी पातेल्यात किंवा पत्र्याच्या गॅल्व्हनाइज्ड बादलीत करून ठेवू नका, विशेषतः आंबट असेल किंवा आंबायला लागला असेल तर. कल्हई उडालेल्या पितळेतून तांबं उतरतं, गॅल्व्हनाइज्डमधून झिंक, म्हणजे न मागता मिनरल सप्लिमेंट झालं. स्टीलचं भांडं घ्या, विषय संपला.

आता ठिपक्यांचं. माशी पेटीत शक्यतो घाण करत नाही, बाहेर उडताना करते. खाल्लेल्यातलं जे पचत नाही ते आतड्याच्या शेवटच्या पिशवीत साठवून ठेवते. उन्हाळ्यात काही प्रश्न नाही, दिवसातून कितीदा तरी बाहेर चक्कर होते. पण पुण्यात जुलैमध्ये झड लागली आणि दोन-तीन दिवस बाहेर पडताच आलं नाही, आणि मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला तर आठवडाच्या आठवडा तसं असतं, की ती पिशवी भरत जाते. खाद्यात खनिजं, गुळातला गाळ किंवा आंबलेला पाक असेल तर लवकर भरते. मग माशी दारातच सोडते, फार झालं तर आत चौकटीवर. थंड देशांत माश्या हिवाळाभर पेटीत कोंडलेल्या असतात, तिथे झाडाच्या रसशोषक किड्यांच्या गोडव्यापासून केलेला खनिजांनी भरलेला मध त्यांना याच कारणासाठी बाधतो. आपल्याकडे बर्फ नाही पण पाऊस तेच काम करतो. सांगायचा मुद्दा, ठिपके दिसले की मिनरल वाढवू नका, जे काय घालत होतात ते बंद करा. ताजा साधा पाक द्या, ऊन पडल्यावर दोन दिवस माश्यांना बाहेर फिरू द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर थांबतं. नाही थांबलं आणि माश्या पेटीसमोर जमिनीवर रांगताना दिसल्या, पोट फुगलेलं, उडता येत नाही, तर नोसेमाची, म्हणजे माशीच्या आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या रोगाची, शंका घ्यायची आणि नमुना तपासून घ्यायचा. नुसत्या डागांवरून नोसेमा आहे की नाही सांगता येत नाही, मायक्रोस्कोपच लागतो.

पण तुमची पेटी परागासाठीच अडलीय हे ओळखायचं कसं? त्याला काही मशीन लागत नाही. पाऊस उघडलेल्या सकाळी, साडेसात ते दहाच्या दरम्यान, पेटीच्या बाजूला बसा. समोर नाही, बाजूला, समोर बसलात तर त्यांच्या रस्त्यात येता. दहा मिनिटं नुसतं येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे बघा. पिवळे, केशरी, पांढुरके गोळे लागून येतायत का? बऱ्याच येत असतील तर तुमचा प्रॉब्लेम बहुधा दुसरा आहे. एखाद-दुसरीच येत असेल तर पेटी उघडा. फार वेळ नाही, पावसाळ्यात ब्रूड गार पडतं.

मधली चौकट काढा आणि सूर्याकडे पाठ करून धरा, म्हणजे उजेड तुमच्या खांद्यावरून थेट पोळ्याच्या षटकोनी घरांच्या तळाशी पडेल. सगळ्यात लहान अळ्या शोधा, स्वल्पविरामाएवढ्या असतात. निरोगी पेटीत त्या पांढऱ्या चकचकीत दुधात तरंगत असतात, घराच्या तळाशी छोटं तळं साचल्यासारखं दिसतं. उपासमारीच्या पेटीत तळ कोरडा असतो, अळी नुसती चिकटलेली, आजूबाजूला चमक नाही. ही एक खूण ओळखायला शिकलात तर निम्मं काम झालं. दुसरी खूण ब्रूडच्या कडेची. ब्रूडच्या भोवती परागाने भरलेल्या घरांचा पट्टा असतो, वेगवेगळ्या रंगांचा. तो पट्टाच नसेल, सगळीकडे एकतर रिकामी घरं किंवा नुसता पाक भरलेला, तर समजून जा. तुम्ही साखर दिली म्हणून पेटी जड लागते आणि माणूस निर्धास्त होतो, पण आत प्रोटीनच्या नावाने बोंब असते. अशा वेळी माश्या स्वतःच अंडी आणि लहान अळ्या खाऊन टाकतात, प्रोटीन परत मिळवतात, म्हणून ब्रूड तुटक दिसतं. राणी वाईट नसते, घरात खायला नसतं.

तुटक ब्रूडची बाकीची कारणं पण बघून घ्या. बंद घरांच्या झाकणांना भोकं पडलीयत, आत अळी ताणून पडलीय, डोक्याकडचं टोक होडीसारखं वर आलंय, चिमट्याने ओढली तर पाण्याने भरलेली पिशवी बाहेर यावी तशी येते, तर ते थाई सॅकब्रूड. हा विषाणू आहे, सातेरीचा, म्हणजे आपल्या देशी पेटीतल्या माशीचा, मोठा शत्रू, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात सातेरीच्या पेट्या याने साफ झाल्या होत्या. याला औषध नाही, मिनरल तर नाहीच नाही. राणी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून ब्रूड थांबवणं, आजारी चौकटी काढून टाकणं, पेटी आवळून माश्या दाट ठेवणं आणि जमलं तर दुसऱ्या तगड्या पेटीतली राणी देणं एवढंच हातात आहे. अळ्या झाकण लागायच्या आधीच पिवळट होऊन घरात वेड्यावाकड्या पडल्यात आणि आंबूस वास येतोय तर युरोपियन फाउलब्रूड. हा रोग बऱ्याचदा उपासमारीच्या काळातच डोकं वर काढतो आणि पराग यायला लागला की आपणहून कमी होतो, त्यामुळे लोकांना वाटतं आपण दिलेल्या टॉनिकने गेला. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घालू नका, ते मधात उतरतं.

चौकटीवर जाळी आणि मळकट बोगदे दिसले तर मेणकिडा. तो कमजोर पेटीतच जोर धरतो, म्हणजे तो आजाराचं कारण कमी आणि परिणाम जास्त. मेलिफेराच्या, म्हणजे परदेशातून आणलेल्या युरोपियन माशीच्या, पेट्या असतील तर व्हरोआ माइट (माशीच्या अंगावर आणि ब्रूडवर जगणारा बारीक परजीवी किडा) बघायलाच हवा, पंख चुरगळलेल्या तरुण माश्या दिसल्या की शंभर टक्के बघा. आणि एका सकाळी अचानक पेटीसमोर ढीगभर माश्या मेलेल्या, जिभा बाहेर आलेल्या, तर कोणीतरी फुलावर फवारलंय. त्याला खाद्यात काही घालून उपयोग नाही, शेजारच्या शेतकऱ्याशी बोला, संध्याकाळी फवारायची विनंती करा.

हे सगळं बघून झालं आणि रोग नाही, राणी आहे, अंडी आहेत, पण अळ्या कोरड्या आणि पराग नाही, तर आता खाद्य.

पाक: साखर आणि पाणी वजनाने समान, पाणी गरम करून गॅस बंद करून साखर विरघळवायची, साखर घालून उकळत बसायचं नाही. संध्याकाळी द्यायचा, म्हणजे दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येत नाहीत. रात्रीत संपेल एवढाच, कारण दमट हवेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबायला लागतो. सांडला तर लगेच पुसा, नाहीतर मुंगळे आलेच. स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवताच तुम्ही, पण पावसात त्या भरून वाहतात किंवा त्यात पाचोळा पडून पूल तयार होतो, ते बघत जा.

परागाचा पर्याय: चरबी काढलेलं आणि भाजलेलं सोया पीठ तीन भाग, ब्रूअर्स यीस्ट एक भाग, डाळ्याचं बारीक पीठ एक भाग. या सगळ्याच्या वजनाइतकी पिठीसाखर, आणि मळायला घट्ट पाक किंवा स्वतःच्याच निरोगी पेटीचा मध. बाजारातला मध नको, त्यातून फाउलब्रूडचे जंतू येऊ शकतात. कच्चं सोया पीठ नको, त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, भाजल्यावर तो जातो. दूध पावडर बरेच जण घालतात, मी घालत नाही, कारण लॅक्टोज माशीला पचत नाही आणि त्यातलं गॅलॅक्टोज तिला घातकच आहे. पोळीच्या कणकेपेक्षा जरा सैल मळायचं, तळहाताएवढी पातळ वडी करायची, बटर पेपरवर ठेवून चौकटींच्या माथ्यावर, बरोब्बर ब्रूडच्या वर. लांब ठेवलीत तर दाईमाश्या तिथवर जातच नाहीत.

आणि आता गंमत बघा. या वडीत वेगळं मिनरल घालायची गरज आहे का? सोया पिठात पोटॅशियमच किलोला वीस ग्रॅमच्या वर असतं, यीस्टमध्येही भरपूर. सोडियमसुद्धा सोयात ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्तच निघतं. मॅग्नेशियम, लोह, झिंक, तांबं, सगळं डाळी-यीस्टमध्ये आहेच. म्हणजे १९७८ च्या तक्त्यातली पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखी मुख्य खनिजं या साध्या वडीनेच पुरी होतात. त्यावर चमचाभर मिक्श्चर घातलं तर ते फक्त जास्तीचं, आणि खनिजं एका मर्यादेबाहेर गेली की ब्रूड वाढायच्या ऐवजी घटतं. दुकानात मिळणाऱ्या मधमाशी टॉनिकबद्दल पण माझं हेच मत आहे: लेबलवर प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम ते लिहिलं नसेल तर बाटली परत ठेवा. "सर्व आवश्यक खनिजे व जीवनसत्त्वे युक्त" हे काही प्रमाण झालं नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. मेलिफेरा वडी आवडीने खाते, सातेरीचं नखरेल काम आहे, कधी कुरतडते, कधी ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे सुरुवातीला सुपारीएवढाच तुकडा द्या, वर थोडा मध चोळा, दोन दिवसांनी उचलून बघा. बुरशी धरली असेल तर टाकून द्या. मोठी वडी ठेवून विसरलात तर त्यात मेणकिडाच वाढेल. सातेरीचा दुसरा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, फार उपासमार झाली की ती आजारी पडत बसत नाही, उठून चालायलाच लागते. अंडी बंद, पराग आणणं बंद, माश्या अस्वस्थ, असं दिसलं तर वडी-पाकाच्या नादात वेळ घालवू नका, शेजारच्या पेटीतली अंडी-अळ्यांची एक चौकट उचलून आत द्या. पिल्लं असली की सहसा जात नाहीत.

मग मिठाचं काय, माश्या गटारावर बसतात त्याचं काय? हा प्रश्न खरा आहे आणि इथे मिनरलवाल्यांचं निम्मं बरोबर आहे. मधमाश्यांना सोडियमची ओढ असते, कारण परागात आणि मकरंदात ते फार कमी. म्हणून स्वच्छ पाण्याचं भांडं भरून ठेवलं तरी त्या गोठ्यातल्या मुताच्या ओघळावर, धुण्याच्या दगडाशी, ओल्या मातीवर जाऊन बसतात. पुण्यात सोसायट्यांमध्ये अजून एक जागा सापडेल, बोअरच्या जड पाण्यासाठी लावलेला सॉफ्टनर. त्याचं रीजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने आतून धुणं, झालं की मिठाचं पाणी ज्या नळीतून बाहेर सोडतात तिथे उन्हाच्या वेळी माश्यांची रांग लागलेली असते आणि वॉचमन विचारतो, "साहेब, तुमच्याच का ह्या?" एसीच्या पाण्याला मात्र फारसं कोणी विचारत नाही, ते जवळपास डिस्टिल्डच.

यावर उपाय सोपा आहे. दोन पसरट भांडी ठेवा, पेटीपासून थोडी लांब, जिथे सकाळचं ऊन येतं, आणि माश्यांच्या उडायच्या रस्त्याखाली नको, नाहीतर वरून घाण पडते. एकात साधं पाणी. दुसऱ्यात लिटरला पाव चमचा साधं मीठ, बस. दोन्हीत गोटे किंवा बुचं टाका, म्हणजे बसायला जागा होते, बुडत नाहीत. ज्या माशीला मीठ हवं ती मिठाच्या भांड्यावर जाईल, जिला नको ती जाणार नाही, तुम्ही ठरवायचं कामच नाही. पाकात घालण्यातला आणि यातला फरक हाच. पाणी एक दिवसाआड ओतून बदला, नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि महापालिकेची माणसं तपासायला येतात ते वेगळंच. भांडी पाऊस उघडल्यावर लगेच, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फेब्रुवारीतच ठेवायला सुरुवात करा. एकदा त्यांना शेजाऱ्याच्या मोरीची सवय लागली की ती मोडणं महाकठीण.

तरीही काही जण म्हणणार, मी दिलं आणि मला फरक दिसला. दिसलाही असेल. पण त्याच पंधरवड्यात पाऊस उघडला का, मक्याला तुरा आला का, हे बघितलं का? खरंच तपासायचं असेल तर सारख्या ताकदीच्या पेट्या निवडा, निम्म्यांना साधा पाक, निम्म्यांना मिनरलवाला, जागा तीच, दिवस तेच. दर आठवड्याला बंद ब्रूड किती आहे ते चौकटीवर बोटांनी मोजून लिहून ठेवा. कामकरी माशी अंड्यापासून बाहेर यायला मेलिफेरात २१ दिवस, सातेरीत एखाद-दोन दिवस कमी, त्यामुळे तीन-चार आठवड्यांच्या आत निकाल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सगळ्या पेट्यांना एकदम दिलंत तर तुम्हाला काहीच कळणार नाही.

पराग कुठून आणायचा हा खरा लांबचा उपाय. पावसाळ्यात शहराच्या आत आइस्क्रीमची वेल, म्हणजे ती गुलाबी तुऱ्यांची अँटिगोनॉन, कंपाउंडवर चढवा. शेवगा, सब्जा, तुळस लावा. लाजाळूला लोक तण म्हणून उपटतात पण माश्या त्याच्यावर सकाळी सकाळी तुटून पडतात. गावाकडे मका आणि बाजरीचा पराग मिळतो, पण नुसत्या मक्याच्या परागावर भिस्त नको, त्याचा दर्जा हलका, काही अमिनो आम्लं त्यात कमी असतात. चार प्रकारचा पराग मिळाला तर एकातली उणीव दुसरा भरून काढतो, खनिजांचंही तसंच. म्हणून ज्यांच्या पेट्या एकाच पिकाच्या मध्यात उभ्या आहेत त्यांना ही तक्रार जास्त असते. जमत असेल तर जागा बदला, दहा रुपयाच्या पुडीपेक्षा टेम्पोचं भाडं जास्त वाटेल पण परिणाम त्याचाच दिसतो.

रोगाची शंका असेल आणि स्वतःला ओळखता येत नसेल तर पुण्यात राहून अंदाजपंचे करायची गरज नाही, गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. जाऊन विचारा, जाताना मेलेल्या माश्या कुजलेल्या नेऊ नका, ताज्या न्या, आणि ब्रूडचा तुकडा प्लॅस्टिकमध्ये नाही, कागदात गुंडाळून न्या, प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. साताऱ्याकडच्या लोकांना महाबळेश्वरचं मध संचालनालय जवळ पडेल.

आणि ज्या पेटीत ऑगस्ट मध्यापर्यंत दोनच चौकटी माश्या उरल्यात तिला जगवण्याचा हट्ट सोडा. रोग नसेल तर वर्तमानपत्राचा कागद मधे घालून दुसऱ्या पेटीत मिसळून टाका, कमजोर राणी आधी काढून. दोन मरतुकड्या पेट्यांपेक्षा एक धड पेटी सप्टेंबर ओलांडते. पुढे दसऱ्याच्या आसपास कारळा आणि रानफुलं फुलायला लागली, दारात पायाला गोळे लावलेल्या माश्या दिसायला लागल्या की वडी काढा, पाक बंद करा, आणि मधकक्ष (ब्रूडच्या वरचा, मध साठवायचा कप्पा) चढवायच्या आधी पाक बंद होऊन निदान दोन आठवडे गेलेले असू द्या, नाहीतर काढाल तो मध नाही, तुमचीच साखर असेल.